एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) मदत म्हणून बाळ धरायला येणारीला

अगं, पहिल्याच दिवशी बाळ हातात मिळेल असं समजून येऊ नकोस. इथं सांगलीत मी सुरुवात केली तेव्हा दोन आठवडे नुसत्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. बांगड्या, अंगठी, घड्याळ घरीच ठेव. कोपरापर्यंत साबणानं हात धू, ४० सेकंद तरी. सिस्टर बघत असतात. नाक जरा गळत असेल तर त्या दिवशी सुट्टी.

बाळ दिलं की जोजवायचं नाही, थोपटायचंही नाही. आपला हात सवयीनं थोपटायला जातोच! पण कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाला तेवढंही जास्त होतं. एक तळवा डोक्याला, दुसरा पायांशी, आणि गप्प बसायचं. त्यानं बोटं फाकवली, उचकी लागली, तोंड फिरवलं, की त्याला पुरे झालं. मॉनिटर वाजला तर सिस्टरना हाक मार, स्वतः कशाला हात लावू नकोस.

आई आली की लगेच उठ. उघड्या छातीशी धरायची कांगारू केअर आईची, नाहीतर बापाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. जतची एक पोरगी स्वतःच्या बाळाला धरायला घाबरत होती. मी तिच्या पाठीला उशी लावली, पाणी दिलं. त्या दिवशी बाळ मी घेतलंच नाही.