तू कापलंस कुठे?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वहीच्या पानांचे फोटो मिळाले. डोकं परत येतं का ते बघायला तू वीस हायड्रा कापलेस, गोड्या पाण्यातले ते नळीसारखे बारीक जीव. काहींना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शुंडकांचे, म्हणजे तोंडाभोवतीच्या हातांचे, उंचवटे आले, काहींना चौथा दिवस उजाडला. खाली लाल पेनानं लिहिलंयस, ‘प्रयोग फसला’. ती ओळ आधी खोड. मग मला सांग, तू त्यांना कापलंस कुठे? तोंडाच्या लगेच खाली, मध्यावर, की पायाजवळ? पाचही पानं दोनदा वाचली, हे कुठेच नाही.

आखडला की ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान दिसणारा हा जीव. एवढ्याशा अंगात कुठे कापलं यानं काय फरक पडणार, असं तुला वाटलं असेल. फार फरक पडतो. नवं डोकं घडवायची ताकद त्याच्या धडात सगळीकडे आहे, पण सारखी नाही. वर जास्त, खाली उतरत गेलेली. म्हणून डोक्यालगत कापलेला लवकर सावरतो आणि खालून कापलेल्याला वेळ लागतो. तुझे चार दिवस लावणारे बहुतेक खालून कापलेले असणार. म्हणजे जे शोधायला लोक मुद्दाम प्रयोग मांडतात ते तुझ्या वाटीत आपसूक घडलं, फक्त नोंद करायची राहिली.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे. असलेलं डोकं खालच्या अंगाला दुसरं डोकं करू देत नाही. हा मज्जावही वरून खाली विरळ होत जातो, आणि डोकं उडवलं की काही तासांत ओसरतो. १९७२ साली गिअरर आणि माइनहार्ट यांनी हे गणितात बसवलं: जवळच्या जवळ स्वतःला वाढवणारी एक क्रिया, आणि लांबवर पसरून तिला अडवणारी दुसरी. गणित पुढे तिसऱ्या सत्रात बघू. पण एथेल ब्राउनचं काम आत्ताच वाच. १९०९ मध्ये, विद्यार्थिदशेतच, तिनं एका हायड्राच्या तोंडाजवळचा इवलासा तुकडा दुसऱ्याच्या धडात बसवला आणि तिथून आख्खा नवा अक्ष, म्हणजे डोक्यासकट नवं धड, उभा राहिला. तो अक्ष बसवलेल्या तुकड्याचा की ज्याच्या धडात तो बसवला त्याचा, हे कळावं म्हणून तिनं हिरवा आणि पांढरा हायड्रा वापरला. हिरव्याच्या आतल्या थरात शैवाल असतं, त्यामुळे कोणता भाग कुणाचा ते नुसत्या रंगावरून ओळखता येतं. न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणांवरचं, याच धर्तीचं, श्पेमान आणि मांगोल्ड यांचं गाजलेलं काम १९२४चं, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं. एथेलचं नाव वर्गात घेतलं जात नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तिच्या तुकड्यात नेमकं काय होतं याचा एक भाग २००० साली कळला: तोंडाच्या टोकाशी डब्ल्यूएनटी नावाच्या संदेश-प्रथिनाचा जनुक चालू असतो.

आता न कापलेल्या हायड्राकडे वळ, कारण तिथे तू अजून पुरेशी थांबलेली नाहीस. त्याच्या धडातल्या पेशी सतत विभागतात. ऊती वर शुंडकांकडे आणि खाली पायाकडे सरकत राहते आणि टोकाशी गळून जाते. वीसेक दिवसांत जवळजवळ सगळं अंग नवं झालेलं असतं. म्हणजे डोकं रोजच घडत असतं. ब्लेडनं आपण ते फक्त घाईनं घडवायला लावतो. म्हणून त्यानं काल काय खाल्लं, कळी धरली आहे का, म्हणजे अंगावर पिल्लू फुटतंय का, पाणी किती गरम होतं, हे सगळं तुझ्या निकालात उतरतं. कापण्याआधी चोवीस तास उपाशी ठेव. कळी असलेला घेऊच नकोस. मार्च लागला की साताऱ्यात वाटीतलं पाणी बघता बघता तापतं. वाटी माठाखालच्या ओल्या वाळूत रुतवून ठेव आणि तापमान दिवसातून दोनदा लिही. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची पिल्लं गोड्या पाण्यात धुऊनच दे, मीठ सोसत नाही त्याला. खाऊ घातल्यावर सहा-सात तासांनी पाणी बदल, कारण उरलेलं तो त्याच तोंडातून बाहेर टाकतो.

पाण्याबद्दल एक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी महादरे तळ्यातून पाणवनस्पती आणल्या, बरणी खिडकीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी उजेडाच्या बाजूला काचेला हायड्रा लागलेले दिसले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं हे मला माहीत होतं. म्हणून मोठ्या शहाणपणानं आईच्या तांब्याच्या कळशीतलं, रात्रभर निवलेलं पाणी त्यांना घातलं. दुसऱ्या दिवशी शुंडकांची टोकं गाठीसारखी फुगली होती. मग शुंडकं आखडली, अंग मिटल्या कळीसारखं आवळलं, आणि रात्रीपर्यंत बुडाशी पांढरट गाळ उरला. तांब्याचा अंशही हायड्राला विष आहे. त्या दिवशी मी जेवले नाही. पण ती चारही रूपं क्रमानं काढून ठेवली होती, आणि पुढे किती वेळा बिघडलेली वाटी त्या चित्रांमुळे वेळेत ओळखता आली.

पुढच्या खेपेला वीस घेऊ नकोस. सहा डोक्याखाली काप, सहा मध्यावर, सहा न कापता शेजारी ठेव. दर सहा तासांनी चित्र काढ. फोटो घेतलास तरी चित्र काढच. हायड्राचा पहिला मोठा अभ्यासक ट्रेम्बली १७४० मध्ये हेग शहराजवळ दोन मुलांना शिकवत होता. तेव्हा सगळ्या हायड्रांच्या हातांची संख्या सारखी नसते हे त्यानं मोजून पाहिलं होतं, आणि ही वनस्पती की प्राणी, अशी शंका त्याला त्यातूनच आली. मग त्यानं कात्री उचलली.

पुण्याच्या आघारकर संस्थेत हायड्रावर बरंच काम झालंय. साताऱ्याहून अडीच-तीन तासांची वाट. नव्या नोंदी हातात आल्या की आपण दोघी जाऊ.

रविवारी घरी ये. माझ्या वाटीतल्या एकाला काल कळी आली आहे, धडाच्या खालच्या भागात, डोक्याचा मज्जाव पातळ होतो तिथेच. आज तिला दोन शुंडकं दिसतात. तीन-चार दिवसांत स्वतःचा पाय तयार होऊन ती सुटेल, त्याआधी पोहोच. ब्लेड आणू नकोस, वही आण.

तुझ्या,
मॅडम