सुसरबाईची पाठ खरंच मऊ होती का?

प्रश्न आलाय की "डॉल्फिन माशाला अस्सल मराठी शब्द कोणता?" आधी तो 'मासा' काढा राव तिथून! टीव्हीवाले, मास्तर, सगळेच डॉल्फिन मासा म्हणायलेत. तो पिल्लाला दूध पाजतो हे अ‍ॅरिस्टॉटलला २३०० वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि ग्रीकांनी तर नावच 'डेल्फूस' म्हणजे गर्भाशय यावरून 'डेल्फीस' ठेवलं, तरी आपलं मासा मासा चालूच.

खरी मजा आपल्या शब्दात आहे. संस्कृतात शिंशुमार. ऋग्वेदात अश्विनांच्या रथाला बैलाच्या जोडीला चक्क शिंशुमार जुंपलाय (ही जोडी हाकली कशी असंल देव जाणे), आणि भागवताच्या पाचव्या स्कंधात सगळं तारांगणच शिशुमाराच्या आकाराचं, डोकं खाली, शेपटीच्या टोकाला ध्रुव. हाच शब्द प्राकृतात सुंसुमार झाला, हिंदीत झिजून सूंस, म्हणजे गंगेतला डॉल्फिन, ज्याला २००९ साली राष्ट्रीय जलचर ठरवलं, आणि मराठीत झाला सुसर! एकाच घरची दोन लेकरं, तिकडलं डॉल्फिन निघालं, इकडलं थेट मगरीच्या गोतात गेलं.

आता आमच्या ओळखीचे एक गुरुजी हटून बसतात की शिशु अधिक मार, लेकरं मारणारा, संपला विषय. गुरुजी, ऋग्वेदातल्या त्या अनुस्वाराचं काय करायचं? जुनं रूप शिंशुमार, 'शिशु' त्यात मागून कुणीतरी कानाला गोड लागतं म्हणून बसवलाय. आधी अनुस्वाराचा हिशोब द्या, मग मेलेली लेकरं मोजू.

आमच्या गंगाखेडकडं गोदावरीलाच गंगा म्हणतात. घाटावर गुडघ्याच्या वर पाण्यात गेलं की आज्जी पायरीवरून धुणं आपटता आपटता वरडायची, "माघारी फिर रे, सुसर वढून नेईल!" आणि हीच आज्जी कुणी कामापुरतं गोड बोलाय लागलं की म्हणायची, सुसरबाई तुझी पाठ मऊ. सगळे सांगतात की पाठ खरबरीत म्हणूनच ती खुशामत. मला नाही पटत. सूंसाची पाठ खरंच गुळगुळीत असती, म्हणजे म्हण आधी डॉल्फिनची असणार, प्राणी बदलला आणि म्हण तशीच राहिली. गुरुजी हसतात, हसू द्या.

हां, तुमचा प्रश्न. डॉल्फिनच म्हणा. सुसर म्हणालात तर गंगेवर पोहायला कुणी सोबत येणार नाही.