फोकनाड, थाप आणि पोकर

आर्वीकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: गावातल्या पोरांनी चिंचोके लावून पोकरची स्पर्धा घेतली. एकाने हातात दुर्री-सत्ती (म्हणजे पोकरमधली अगदी कमजोर पानं) असताना सगळे चिंचोके पुढे सारले आणि समोरच्याने हातातली राजाची जोडी टाकून दिली. मग पारावर चिडवाचिडवी. "काय फोकनाड मारून राहिला होता बे!" "अन् तू काऊन भेला मंग?" तर फोकनाड हा शब्द अशुद्ध आहे का, आणि 'ब्लफ'ला, म्हणजे भारी पानं असल्याचा आव आणण्याला, शुद्ध मराठीत काय म्हणावं?

अशुद्ध कशाने? विदर्भात बोलतात म्हणून? 'ब्लफ केला' चालतं, फोकनाड खटकतो! फोकनाड म्हणजे पोकळ बाता, हे तिकडे शेंबडं पोरही जाणतं. पण फोकनाड तोंडाने मारतात. दुर्री-सत्तीवर त्या पोराने मारली ती थाप.

आणि थाप पाहाच. तबल्यावर पडते ती थाप, दारावर पडते ती थाप, खोटं बोलतात तीही थाप. ठोकण्याचा आणि फुशारकीचा हा संबंध आपलाच नाही. जर्मनमध्ये 'पोखेन' म्हणजे ठोकणे. बढाई मारणे हाही त्याचाच अर्थ, आणि हक्क छातीठोकपणे मागणे हाही. (आपला 'छातीठोक' आठवला ना?) तिथे १५ व्या शतकापासून 'पोख' नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. फ्रेंचांनी त्याचं 'पोक' केलं, ते अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला पोचलं आणि १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपीच्या बोटींवर त्याचं पोकर झालं, असं मानतात. 'ब्लफ' डचांच्या 'ब्लफेन'चा, अर्थ पुन्हा फुशारकीच! अमेरिकेत एके काळी पोकरलाच ब्लफ म्हणत. आणि आज पोकरच्या टेबलावर बोटं ठोकली की अर्थ काय? 'चेक', म्हणजे मी तूर्त काही लावत नाही. शब्दाने पुरती कोलांटी मारली.

पोकर आपल्या 'पोकळ'वरून आला म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. इराणचा 'आस-नास' हा पत्त्यांचा खेळ पुढे करणाऱ्यांनी खेळाचं कूळ खुशाल तिकडे लावावं, पण त्यातून 'पोकर' हा उच्चार कुठून काढणार? एक कोशाभिमानी स्नेही म्हणतात, थापेला तोंड लागतं, मुकाट लावलेली पैज थाप कशी? अहो, मूठभर चिंचोके पुढे सारून 'माझ्याकडे भारी पानं आहेत' असंच सांगितलं ना त्याने?

फोकनाडबद्दल माझं मत असं: 'फोक' तोच, जो फोकटात आहे, आणि संस्कृतातली 'नाडी' म्हणजे पोकळ देठ. आत काही नाही, नुसती हवा. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी फोक म्हणजे ओली छडी घ्यावी आणि पायजम्याच्या नाडीने बांधून ठेवावी.