'बेन-हर' लिहिणारा ल्यू वॉलेस मुळात सेनापती होता की कादंबरीकार? त्याचं कोणतं पुस्तक आधी वाचावं?

दोन्ही होता. शिवाय वकील, गव्हर्नर, राजदूत, चित्रकार. हाताने व्हायोलिनं बनवायचा, मासेमारीच्या गळकाठीचं पेटंटही घेतलं होतं. माणसाने एकच काहीतरी असावं हा आग्रह मला कधी पटलेला नाही. 'एक ना धड भाराभर चिंध्या' असं ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्यांना मी वॉलेसचंच नाव सांगत आलोय.

जन्म 1827 चा, इंडियानातला. वडील त्या राज्याचे गव्हर्नर. तरुणपणी मेक्सिकोच्या युद्धात गेला, परतल्यावर वकिली केली, ती त्याला मनापासून नावडायची. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढताना पस्तिशीच्या आत मेजर जनरल झाला. वेस्ट पॉइंटमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीत, शिकलेला नव्हता, हे मात्र लक्षात ठेवा.

एप्रिल 1862, शायलोची लढाई. वॉलेसची डिव्हिजन काही मैलांवर क्रम्प्स लँडिंगला थांबलेली. उत्तरेच्या फौजेचा सेनापती ग्रँट, त्याचा तोंडी हुकूम एका अधिकाऱ्याने कागदावर उतरवून आणला. खाली सही नाही. पुढे तो कागदही हरवला. वॉलेस ज्या रस्त्याने निघाला तो शर्मन या उत्तरेच्याच सेनापतीच्या छावणीकडे जायचा, आणि ती छावणी तोवर शत्रूच्या हातात गेलेली. तसाच पुढे गेला असता तर शत्रूच्या पिछाडीला निघाला असता. मागे वळून नदीकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत दिवस गेला. पोचला तेव्हा त्या दिवसाची लढाई संपली होती. ग्रँटचं म्हणणं, मी नदीकाठचाच रस्ता सांगितला होता. वॉलेसचं म्हणणं, हुकुमात तसं नव्हतं. पुढची चाळीस वर्षं तो हेच सांगत राहिला.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. मी कालव्यावर शाखा अभियंता होतो आणि हौशी नाटकं बसवायचो. उन्हाळी आवर्तन चालू होतं, शेपटाच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या, गावांचं भरणं आधी, मग वरच्यांचं. रात्री साहेबांचा फोन आला, वरच्या चारीचं गेट उघडा. लेखी द्याल का, विचारलं. 'सकाळी देतो, तुम्ही आधी उघडा.' बॅटरीच्या उजेडात पाटकऱ्याने चाक फिरवलं, गंजलेला स्क्रू कुरकुरला आणि पाणी चारीत घुसलं. सकाळपर्यंत शेपटाच्या गावांचं पाणी तुटलं, सरपंच ऑफिसात येऊन बसले, आणि साहेब म्हणाले, मी असा फोन केलाच नाही. कारणे दाखवा नोटीस मला. फोन आला तेव्हा पाटकरी माझ्या शेजारी उभा होता, पण त्याचा जबाब कुणी घेतला नाही. चौकशीत मला विचारलं काय, तर त्या आठवड्यात तालमी रात्री किती वाजेपर्यंत चालायच्या! माझी वेतनवाढ रोखली ती गेटमुळे नाही, मी 'नाटकवाला' होतो म्हणून. दुसऱ्या कुणाचा फोनबद्दलचा शब्द तरी ऐकून घेतला असता. वेस्ट पॉइंटबाहेरच्या वॉलेसच्या बाबतीतही हेच झालं असं माझं ठाम मत आहे.

आता 'बेन-हर' वाचा. छताचं एक कौल निसटून रोमन अधिकाऱ्याच्या डोक्यात पडतं, नायक ज्यूडाचं कुणी ऐकून घेत नाही, खटला न चालवता त्याला गलबतावर वल्ही मारायला पाठवतात. हे शायलोच्या जखमेतून आलंय असं मला वाटतं. कादंबरीचा शेवटचा भाग वॉलेसने न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर असताना, सांता फेच्या वाड्यात रात्री खिडक्या बंद करून लिहिला. दिवसा तिथल्याच लिंकन काउंटी या जिल्ह्यातल्या खुनाखुनीचा कारभार, रात्री जेरुसलेम. पुस्तक 1880 मध्ये आलं. राष्ट्राध्यक्ष गारफील्डला ते इतकं आवडलं, की त्याने वॉलेसला कॉन्स्टँटिनोपलला, तुर्की सुलतानाच्या दरबारी, राजदूत म्हणून पाठवलं. पॅलेस्टाइन त्याने पाहिलं ते त्यानंतर. लिहिताना हाताशी फक्त पुस्तकं आणि नकाशे होते.

म्हणून सुरुवात 'बेन-हर'पासूनच करा. पहिला भाग संथ आहे, तो चाळला तरी चालेल. रथांची शर्यत पाचव्या भागात आहे. 'द फेअर गॉड' (1873) मेक्सिकोवरच्या स्पॅनिश आक्रमणावर आहे, बरी आहे. 'द प्रिन्स ऑफ इंडिया' (1893) नावाला भुलून आधी घेऊ नका. ती 1453 च्या कॉन्स्टँटिनोपलची गोष्ट आहे आणि फार लांबलीय.

हेही सांगायला हवं की तो संत नव्हता. लिंकनच्या मारेकऱ्यांच्या कटातल्या लोकांना शिक्षा देणाऱ्या लष्करी आयोगात तो होता, आणि त्याच आयोगाच्या निकालावर कटातली एक आरोपी मेरी सराट फासावर गेली. न्यू मेक्सिकोतला नामचीन गुंड बिली द किड, त्याला साक्षीच्या बदल्यात माफीचा शब्द दिला आणि माफी दिली नाही. शायलोबद्दलही इतिहासकारांचं एकमत नाही. परतताना त्याने रांग जागेवरच उलटी फिरवली असती तर वेळ वाचला असता, हा आक्षेप मला मान्य आहे. पण 1864 मध्ये मोनोकसीला त्याने दक्षिणेचा सेनापती अर्ली याच्या फौजेला दिवसभर अडवलं आणि तेवढ्यात वॉशिंग्टनला कुमक पोचली, हे विसरणारे लोक रस्ता चुकल्याचं मात्र विसरत नाहीत.

तुम्ही नोकरीत असाल तर तोंडी हुकूम आला की त्याच क्षणी रोजनिशीत वेळ टाकून लिहा आणि शेजारच्याची सही घ्या. साहेब रागावले तर रागावू देत. वॉलेसला शेवटी कागदानेच हात दिला. शायलोत मेलेल्या, त्याच्याच आडनावाच्या दुसऱ्या सेनापतीला ल्यूने लढाईच्या आदल्या दिवशी लिहिलेलं पत्र त्या सेनापतीच्या विधवेला सापडलं. त्यात जाण्यायेण्याच्या रस्त्याचा विषय होता. तिने ते ग्रँटला पाठवलं, आणि त्याने 1885 च्या आठवणींत तळटीप घालून आपला दोषारोप सौम्य केला. मुख्य मजकूर तसाच ठेवला. वॉलेसचं आत्मचरित्र (1906) घ्याल तर शायलोचं प्रकरण आणि ही तळटीप एकापाठोपाठ वाचा.