जॅकेट घातलं की चिंगी जागची हलत नाही

प्रश्न : डॉक्टर, आमची कुत्री चिंगी ४ वर्षांची आहे. कारवानी जातीची, पण सरमिसळ. एरवी धीट आहे. गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे, दिवाळीचे फटाके आणि गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर होणारं शोभेचं दारूकाम, या तिन्ही वेळी मात्र ती मोरीत जाऊन बसते, थरथरते, लाळ गाळते. तिची भीती कमी व्हावी म्हणून मुलानं ऑनलाइन अंगाला घट्ट बसणारं जॅकेट मागवलं. ते घातलं की ती थिजते, पाऊलसुद्धा उचलत नाही. मुलगा म्हणतो, बघ, शांत झाली. मला काही तसं वाटत नाही. वेल्क्रो काढताना कर्र आवाज झाला की ती पळूनच जाते. सासूबाई म्हणतात, जॅकेट कशाला, आपली चादर गुंडाळा. काय करावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे. चिंगी शांत झालेली नाही, ती घाबरून गप्प उभी आहे. या दोन्हींत फार मोठा फरक आहे आणि जॅकेटाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. कुत्रं भुंकत नाही, पळत नाही, म्हणजे उपाय लागू पडला असं घरच्यांना वाटतं. तुम्ही तिच्याकडे नीट बघा. शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, झोप आलेली नसताना जांभया देतेय, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, असं असेल तर ती भेदरलेली आहे. याहून सोपी परीक्षा म्हणजे तिच्यापासून दोन हातांवर भाकरीचा तुकडा टाका. उठून गेली, खाल्ला, अंग झाडलं आणि एका कुल्ल्यावर रेलून बसली, तर जॅकेट तिला चालतंय. तुकड्याकडे बघूनही जागची हलली नाही, तर ते हळूच काढून घ्या.

या जॅकेटामागची कल्पना जुनीच आहे. तान्ह्या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं की ते निवतं, तसंच हे. अमेरिकेतल्या, पुढे पशुशास्त्रज्ञ झालेल्या टेंपल ग्रँडिन यांनी १९६०च्या दशकात, शिकंज्यात धरलेली गुरं अंगावर दोन्ही बाजूंनी दाब आला की शांत होतात हे पाहून, स्वतःची घालमेल कमी करण्यासाठी तसंच एक यंत्र बनवलं होतं. कुत्र्यांच्या जॅकेटांवर थोडे अभ्यास झालेत, तेही छोटे. काहींत कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके कमी वाढल्याचं दिसलं. पण सगळ्याच कुत्र्यांना गुण येत नाही. माझंही मत तेच आहे. एखाद्याला चांगला उपयोग होतो, एखाद्याला अजिबात नाही, आणि जे कुत्रं जॅकेटालाच घाबरतं त्याला तर आवाजाचं एक भय होतं, त्याची दोन होतात.

म्हणून आधी जॅकेटाची भीती घालवायची. तेही घरात शांतता असताना. फटाक्यांच्या दिवशीच जॅकेट बाहेर काढलंत तर चिंगी एवढंच शिकेल, की हे आलं म्हणजे आता धडाधड सुरू होणार.

जॅकेट नुसतं जमिनीवर पसरून ठेवा. तिनं हुंगलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. मग ते हातात धरून तिच्या खांद्याला टेकवा आणि लगेच खाऊ द्या. जॅकेट बाजूला, खाऊही बंद. हा क्रम उलटा करू नका. आधी कापड, मग खाऊ. आधी खाऊ दाखवून फसवून कापड टाकलं, तर दोन-तीन वेळांत ती खाऊलाच संशयानं बघायला लागते. खांद्याला टेकवलेलं चाललं की पाठीवर ठेवा, मग पोटाखालचा पट्टा सैल धरा, आणि शेवटी बंद करा. अंगावर अगदी थोडा वेळ राहू द्या आणि तिची कुरकुर सुरू व्हायच्या आत काढा. एखाद्या टप्प्यावर ती मागे सरकली तर तुम्हीही एक टप्पा मागे या. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दीड महिना. खाऊ म्हणून बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन चालेल. आपल्याकडे लाडानं भाकरीला शेंगाचटणी लावून देतात, ती मात्र नको. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्ताला घातक.

वेल्क्रोचं वेगळं शिकवावं लागेल. जॅकेट चादरीत गुंडाळून, आतल्या आत, शेजारच्या खोलीत कुणीतरी वेल्क्रो सावकाश उघडायचा, आणि इकडे तुम्ही तो आवाज आला की तुकडा टाकायचा. तिनं नुसता कान टवकारून तुमच्याकडे बघितलं की जमलं म्हणायचं. मग चादर काढा, मग दाराजवळ या. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ शिंप्याकडे जा, वेल्क्रो उसवा आणि कापडी बंद लावून घ्या. तुमच्या जागी मी हेच केलं असतं. शिंप्याकडे जायचंच आहे तर आणखी एक काम करून घ्या. कारवानी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर अगदी बारीक. तयार जॅकेटं बहुतेक लॅब्राडॉरसारख्या अंगाची असतात. छातीला बसतील ती पोटाशी लोंबतात, मग मागे सरकतात आणि काखेत काचतात. कंबरेला दोन टक्स घालून घ्या. दाब सगळीकडे सारखा हवा, आणि कापडाखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. काखेत लाली दिसली तर थांबा.

सासूबाईंचा विचार चांगला आहे, पण चादर जाड असते, ताणत नाही आणि चालताना पायात येते. घरगुतीच करायचं तर मुलाचा जुना होजियरीचा टी-शर्ट घ्या. बाह्यांतून पुढचे पाय घाला आणि पाठीवर जास्तीचं कापड गोळा करून सैल गाठ मारा. किंवा रुंद क्रेप बँडेज घ्या. त्याचा मध्य छातीवर समोरून टेकवायचा, दोन्ही टोकं खांद्यांवर एकमेकांवरून न्यायची, खाली पोटाशी पुन्हा ओलांडायची आणि वर आणून बांधायची. गाठ मणक्यावर येऊ देऊ नका, बाजूला घ्या. चिंगी जॅकेटापेक्षा हे लवकर स्वीकारेल असा माझा अंदाज आहे, कारण यात वेल्क्रोचा कर्र आवाज नाही.

सासूबाईंची चादर वाया जाणार नाही. ती मोरीत अंथरा. चिंगीनं ती जागा स्वतः निवडली आहे, तिथून तिला ओढून बाहेर काढू नका. दार उघडं ठेवा, खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. अशोक चौकाकडची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली कुत्री मी तपासते. माग चालू असताना त्याच्या शेजारी ती खुशाल झोपतात, आणि गल्लीत एक सुतळी बॉम्ब फुटला की खाटेखाली शिरतात. सततचा आवाज त्यांना सोसतो, अवचित झालेला सोसत नाही. आणि हो, ती जवळ आली तर खुशाल कुशीत घ्या. जवळ घेतल्यानं भीती वाढते हा समज चुकीचा आहे. जॅकेट पहिला आवाज व्हायच्या आधी चढवा, आणि ते अंगात असताना तिला एकटी सोडू नका. चावून फाडलेलं कापड पोटात गेलं तर पंचाईत होते.

एवढं करूनही ती थरथरत आणि लाळ गाळत राहिली, तर औषधाला कमीपणा मानू नका. सणाच्या बऱ्याच आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि पहिली मात्रा एखाद्या साध्या दिवशी देऊन बघा. मात्र ‘गुंगीची गोळी’ मागू नका. एसेप्रोमाझिनसारख्या औषधानं अंग सुस्तावतं, भीती आत तशीच राहते. मुलाला शांत वाटेल, चिंगीला नाही वाटणार. घरातली झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका.

प्रश्न : वळवाच्या गडगडाटात आमचा टायगर घरभर फिरतो. एप्रिल-मेमध्ये जॅकेट घातलं तर चालेल का?
— एक वाचक, बाळे

उत्तर : दादा, नको. सोलापुरात तेव्हा पारा ४० अंशांच्या वर असतो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. घाबरलेलं कुत्रंही धापाच टाकतं. त्यामुळे जॅकेटात तो भीतीनं धापतोय की उष्म्यानं, हे तुम्हाला ओळखता येणार नाही. त्याला आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर, पंख्याखाली ठेवा. गार पाणी जवळ असू द्या. पाऊस पडून हवा निवली, तर पातळ सुती बँडेज थोडा वेळ चालेल. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना झोकांड्या गेल्या, तर अंगातलं सगळं काढा, पोटावर आणि मांड्यांवर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात आणा.