'फ्री' फोटो, ६८,००० रुपयांची नोटीस आणि येसरची पाकिटं

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यात राहते. आम्ही अकराजणी बचत गट चालवतो. येसर (आमटीत घालायचं मसाल्याचं पीठ), काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि तूरडाळ विकतो. दोन वर्षांपूर्वी भाच्याने वेबसाइट करून दिली. तिच्यावर आणि येसरच्या पाकिटावर मसाल्याच्या वाट्यांचा एक फोटो आहे. गुगलवर 'फ्री' लिहिलेलं होतं म्हणून घेतला, असं तो सांगतो. गेल्या आठवड्यात एका कंपनीचा मेल आला : फोटो आमचा आहे, सात दिवसांत ६८,००० रुपये भरा, नाहीतर दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई आणि तुरुंग. खाली पैसे भरायची लिंक आहे. गटातल्या निम्म्या म्हणतात, "देऊन टाका अन् मोकळ्या व्हा." निम्म्या म्हणतात, "आपण काय चोरी केली का?" छापलेली ३,००० पाकिटं घरात पडून आहेत. वेबसाइटवर आणखी तीन फोटो आहेत : पिक्साबेवरचा तुरीचा, विकिमीडिया कॉमन्सवरचा योगेश्वरी मंदिराचा आणि कुठल्याशा फ्री साइटवरचा एका हसऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. त्याच्याखाली आम्ही 'आमचे शेतकरी' लिहिलंय. काय करावं?

उत्तर : ताई, त्या लिंकवर आज एक रुपयाही भरू नका. पण मेल पुसूनही टाकू नका. गटातल्या दोन्ही बाजूंचं थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतंय.

आधी तुरुंगाचं बोलते, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, हे खरं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, तेही खरं. पण कलमाचा जीव 'जाणूनबुजून' या शब्दात आहे. भाच्याने फ्री समजून फोटो उचलला आणि तुम्ही विश्वासाने वापरला, यात जाणूनबुजून काही नाही. कंपनीच्या मेलने कुणाला अटक होत नसते. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तो मेल वाचल्या दिवसापासून 'आम्हाला माहीत नव्हतं' हे म्हणणं संपलं. यापुढे तोच फोटो तसाच राहिला, तर ते जाणूनबुजून ठरू शकतं. म्हणून फोटो आजच उतरवा.

उतरवण्याआधी पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. भाच्याच्या कॉम्प्युटरवर ती मूळ फाइल असेल, कुठल्या पानावरून घेतली त्याची नोंद ब्राउझरच्या हिस्ट्रीत असेल, तर तीही जपा. जुनं पान आता बदललं असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची जुनी प्रत सापडते का, हे त्याला बघायला सांगा. नुसतं पानावरून चित्र काढून भागत नाही. फाइल सर्व्हरवर राहिली, तर थेट पत्त्यावरून ती दिसत राहते आणि पुढच्या नोटिशीत तोच पत्ता येतो. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅपचा कॅटलॉग, सगळीकडून काढा. पाकिटं जाळू नका, विकूही नका. त्या चित्रावर पूर्ण झाकणारं लेबल लावता आलं तर माल वाचेल. वजन, तारीख, परवाना क्रमांक मात्र झाकला जाता कामा नये. गटातल्या ज्यांना लगेच विक्री हवी आहे, त्यांना थोडं थांबायला सांगा.

आता "चोरी केली का?" या प्रश्नाकडे. फोटो काढला की त्याच क्षणी त्यावर कॉपीराइट जन्मतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात © हे चिन्ह लागत नाही, फोटोवर नाव लागत नाही. फोटो काढणारा हा कायद्याने त्याचा कर्ता, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. फोटो परदेशी माणसाचा असला तरी कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे भारतात त्याला तेच संरक्षण मिळतं. गुगल फोटो दाखवतं. तो वापरायची परवानगी गुगल देत नाही, देऊ शकतही नाही, कारण फोटो त्याचा नाही. एखाद्या वॉलपेपरच्या साइटवर 'फ्री डाउनलोड' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. दुसऱ्याच्या शेतातल्या तुरी कुणी रस्त्यावर मांडून 'फुकट घ्या' म्हणाला, तरी शेत त्याचं होत नाही. परवानगी फोटो काढणाऱ्यापर्यंत, किंवा त्याच्याकडून लेखी हक्क घेतलेल्यापर्यंत पोचली पाहिजे. मधला दुवा तुटला की परवानगी नाही, मग ती साइट कितीही चकचकीत असो.

'रॉयल्टी फ्री' या शब्दानेही खूप लोक फसतात. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की दर वापरामागे पुन्हा रॉयल्टी द्यावी लागत नाही, एवढाच. भाच्याने हा शब्द वाचून फोटो घेतला असेल, तर त्याचा दोष इंग्रजीपुरताच आहे, हेतूचा नाही. पण तुरुंगाचा गुन्हा सोडला, तर भरपाईच्या दाव्यात हक्कभंग ठरायला वाईट हेतू लागतच नाही.

तुमच्या मनात येईल, चांगल्या हेतूचा काहीच उपयोग नाही का? कलम ५५ मध्ये एक सवलत आहे. या कामावर कॉपीराइट आहे हे प्रतिवादीला माहीत नव्हतं आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं, असं त्याने सिद्ध केलं, तर न्यायालय त्याच्याकडून नुकसानभरपाई घेत नाही. मनाई हुकूम आणि त्या विक्रीतून झालेल्या नफ्यातला न्यायालयाला वाजवी वाटेल तेवढा, सगळा किंवा काही भाग, एवढ्यावर थांबतं. खोटा धीर मात्र मी देणार नाही. ही सवलत 'कॉपीराइट आहे हेच माहीत नव्हतं' याला आहे, 'परवानगी आहे असं वाटलं' याला नाही. आजच्या काळात फोटोवर कॉपीराइट असतो हे माहीत नव्हतं, असं न्यायाधीशांना पटवणं जड जाईल. तडजोडीच्या बोलणीत हा मुद्दा वजन देतो, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कलम ५२ ची वाजवी वापराची सूटही इथे लागत नाही. ती खाजगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा गोष्टींसाठी आहे, विकायच्या पाकिटासाठी नाही.

दीड लाख डॉलरचा आकडा मात्र मनातून काढून टाका. तो अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातला आहे, जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगासाठीची तिथली वरची मर्यादा. आपल्या कायद्यात फोटोमागे अशी ठरीव रक्कम नाही. इथे कंपनीला आपलं नुकसान किंवा तुमचा नफा दाखवावा लागतो. त्या फोटोचा परवाना तुम्ही त्या वेळी रीतसर घेतला असता, तर किती पडला असता, हा त्यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तसल्या वापराचा दर दिसत असेल, तर त्याचाही स्क्रीनशॉट काढा. ६८,००० आणि त्या दरामध्ये जे अंतर आहे, तिथे बोलणीला जागा आहे.

आता उत्तर. ते वकिलामार्फत जावं असं मी म्हणते. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर "चूक झाली, माफ करा, गरीब बाया आहोत" असं काहीही लिहू नका. तुमच्या मनात ते प्रामाणिक असेल, कागदावर ती कबुली होते. उत्तरात चार ओळींत सांगायचं की कबुली न देता, सावधगिरी म्हणून फोटो काढला आहे, आणि मग विचारायचं : फोटो कुणी काढला? तुम्हाला त्याने हक्क दिल्याचा सही केलेला करार कुठे आहे? तुम्ही मालक आहात, अनन्य परवानाधारक (म्हणजे परवाना फक्त तुम्हालाच दिलेला) आहात की नुसते विक्रेते? हा प्रश्न मोलाचा आहे. मालक आणि अनन्य परवानाधारक दावा लावू शकतात. साध्या, अनन्य नसलेल्या परवान्यावर फोटो विकणाऱ्याला दाव्याचा अधिकार नाही. वसुली करणारी संस्था वेगळी असेल, तर तिचं अधिकारपत्रही मागा. शेवटी रक्कम कशी काढली, ते विचारा. खरा हक्कदार हे कागद देतो. जो फक्त "दोन दिवस उरले" एवढंच परत परत पाठवतो, त्याच्या लिंकवर संशय घ्यायला जागा आहे. कागदांविना धमक्या चालूच राहिल्या, तर कलम ६० खाली 'या धमक्या निराधार आहेत' असं जाहीर करून घ्यायला तुम्ही स्वतः न्यायालयात जाऊ शकता, जोवर त्यांनी खरोखर दावा लावून चालवलेला नाही.

कागद खरे निघाले, तर तडजोड करा. हे मी सहज म्हणत नाही. असा दावा जिल्हा न्यायालयात चालतो, आणि कलम ६२ मुळे अनेकदा कंपनीला आपलं कार्यालय आहे त्या शहरात तो लावता येतो. अंबाजोगाईहून मुंबई-दिल्लीच्या तारखा करण्यात तुमच्या गटाचं जेवढं जाईल, त्याचा हिशेब आधी मांडा. हक्कभंगापासून तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो, त्यामुळे गप्प बसल्याने प्रकरण लगेच मरत नाही. तडजोडीच्या कागदात फोटोचा क्रमांक, मागच्या सगळ्या वापराबद्दल वेबसाइट आणि पाकीट या दोन्हींसाठी सगळी मागणी सोडल्याचं लेखी, आणि ही कबुली नाही, हे तिन्ही हवं. सही आधी, पैसे नंतर, आणि तेही कंपनीच्या नावाच्या बँक खात्यात, पावती घेऊन.

उरलेले तीन फोटो. पिक्साबे, पेक्सेल्स, अनस्प्लॅश या साइटींचे परवाने खरोखर मोकळे आहेत. धंद्यासाठी वापर चालतो, नाव द्यायची सक्ती नाही. पण 'मोकळे' म्हणजे 'बेवारस' नव्हेत. पिक्साबे आणि अनस्प्लॅशवर पूर्वी सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) झीरो म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेली पद्धत होती. अनस्प्लॅशने ती २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये बदलून स्वतःचे परवाने आणले. त्यामुळे फोटो कधी उतरवला, यालाही अर्थ आहे. तुरीचा फोटो राहू द्या, पण त्याच्या पानाचा, परवान्याचा आणि तारखेचा स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. उद्या तोच फोटो दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर तुमच्या प्रामाणिकपणाचा तेवढाच पुरावा असेल.

मंदिराच्या फोटोचं तुम्ही पाठवलेलं पान मी पाहिलं. परवाना 'सीसी बाय-एसए ४.०' आहे. म्हणजे वापरा, विका, कापा, पण फोटोग्राफरचं नाव द्या, परवान्याचा दुवा द्या, बदल केला असेल तर सांगा, आणि बदललेलं चित्र पुढे याच परवान्याखाली सोडा. तुमच्या वेबसाइटवर नाव कुठेच नाही. नाव न देणं म्हणजे अट मोडणं, आणि अट मोडली की परवाना संपतो. पण ४.० मध्ये एक चांगली सोय आहे. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली की परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. तुम्हाला आज कळलं, आजच नाव टाका. पाकिटावर मात्र हा फोटो घेऊ नका, तिथे अटी सांभाळणं अवघड. आणि कुठे 'एनसी' (नॉन-कमर्शियल, म्हणजे धंद्यासाठी नाही) ही अक्षरं दिसली, तर धंद्यासाठी तो फोटो सोडूनच द्या.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो काढून टाका. माझ्या मनाला सगळ्यात जास्त तोच लागला. कॉपीराइट फोटोग्राफरचा असतो, चेहरा त्या माणसाचा असतो. फ्री साइटच्या परवान्यात त्या चेहऱ्याच्या माणसाची संमती आपोआप येत नाही. आणि अनोळखी माणसाखाली 'आमचे शेतकरी' लिहिणं ही गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. तुमच्याकडे डाळ देणारे खरे शेतकरी आहेत. त्यांतल्या एकाला विचारा, दोन ओळींची संमती लिहून सही किंवा अंगठा घ्या आणि त्याचा फोटो लावा.

येसरचंही तेच. त्या परदेशी वाट्यांमध्ये जे काही आहे ते येसर नाही, मराठवाड्यातलं कुणीही बघताक्षणी सांगेल. तुमच्या मोबाइलवर सकाळच्या उजेडात, घरच्या परातीत काढलेला फोटो तुमचाच, कर्त्या तुम्हीच. गावातल्या स्टुडिओला पैसे देऊन काढून घेतला, तर कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसेल तर पहिल्या मालक तुम्ही. लोगो किंवा पाकिटाची मांडणी करणाऱ्या डिझायनरकडून मात्र हक्क लेखी घ्याच, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

भाच्यावर चिडू नका. पोराने फुकटात काम करून दिलं, आणि पुरावे गोळा करायला आता तोच लागणार आहे.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. अंबाजोगाईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन करा. मुदतीचे सात दिवस कायद्याने बांधलेले नाहीत, तरी उत्तर त्याच्या आत गेलेलं बरं. जाताना मेलची पूर्ण छापील प्रत, स्क्रीनशॉट, छापखान्याचं बिल, भाच्याला आणि एक न फोडलेलं पाकीट बरोबर घेऊन जा.