गुडघे साथ देत नसतील तर किनाऱ्यावरून स्कूबा करायला जागा कशी निवडावी?

मला लहानपणापासून डाव्या पायाला पोलिओ आहे, कॅलिपर लावून चालतो, राहतो सोलापुरात, म्हणजे समुद्र अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर, तरी स्कूबा, म्हणजे हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली पोहणं, सोडलेलं नाही म्हणून लिहितोय. तुम्ही विचारलंय की वय 57, ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स झालाय, दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, बोटीची शिडी चढवत नाही, तर किनाऱ्यावरून जमेल अशी जागा कशी ओळखायची.

पाण्याखाली काय दिसतं हे सगळ्यात शेवटी बघा. आधी गाडी थांबते तिथपासून छातीएवढ्या पाण्यापर्यंतचा पट्टा बघा, आणि तो बाहेर येताना कसा असेल ते बघा. आत जाताना अंगात जोर असतो हो, पाऊण तासाने बाहेर येताना पाय थकलेले, अंग गार पडलेलं, आणि पाण्यात जे वजन जाणवतच नव्हतं ते गुडघाभर पाण्यात आलं की एकदम अंगावर येतं. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला 16-17 किलोच्या आसपास, वर हवा भरायचं जॅकेट, श्वास घ्यायचा रेग्युलेटर, खाली जाण्यासाठी बांधायची शिशाची वजनं धरली की 25 किलोच्या आसपास जातं, आणि लाट मागनं येऊन नेमकी गुडघ्याच्या लवणीत ढकलते.

म्हणून सिलिंडर पाठीवर घेऊन वाळूतनं चालायचंच नाही. सोबतचा माणूस किट छातीएवढ्या पाण्यात नेतो, जॅकेटमध्ये हवा भरली की ते तरंगतं, तिथंच अंगात घालायचं. परतताना तिथंच आधी वजनं काढून त्याच्या हातात द्यायची, मग जॅकेट. पुढे तुम्हाला कुणीतरी रांगत या म्हणेल, तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, त्यापेक्षा उथळ पाण्यात बसा, तोंड समुद्राकडे ठेवा म्हणजे लाट येताना दिसते, आणि हाताने रेटा देत मागे मागे सरका. हे सगळं आधी पोहण्याच्या तलावात करून बघा, सोलापुरात असाल तर आपल्याकडे तलाव आहेतच, उथळ बाजूला जॅकेट काढायचं-घालायचं अंगवळणी पडू द्या.

आता हे जमायला तळ वाळूचा हवा आणि पाणी शांत हवं. उतार फार सपाट असला तर ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की गुडघाभर पाण्यातच चालत राहावं लागतं, आणि फार तीव्र असला तर लाट अगदी काठावर फुटते, ती उभं राहू देत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशीच बघा आणि पूर्ण भरतीच्या आसपास बाहेर पडाल असा हिशोब धरून आत जा. शेवाळलेला सिमेंटचा उतार दिसला की तिथून सरळ मागे फिरा, खडबडीत वाळू परवडली.

नावाजलेल्या जागांचं म्हणाल तर बालीतलं तुलांबेन सगळे सुचवतील, लिबर्टी जहाजाचा सांगाडा किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे, सिलिंडर वाहून न्यायला तिथल्या बायका मिळतात, पण किनारा सगळा गोलगोल दगडांचा, पाय ठेवला की दगड सरकतो, तुम्हाला तिथे नको. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर रस्त्याच्या कडेला पिवळे दगड ठेवून डाइव्हच्या जागा दाखवल्यात, भरती-ओहोटीचा फरकही अगदी थोडा, तरी बऱ्याच ठिकाणी पाण्यात शिरताना प्रवाळाचे तुकडे पायाखाली येतात, म्हणून तिथे रिसॉर्टच्या स्वतःच्या धक्क्यावरून पायऱ्या असतील तेच निवडा. इजिप्तच्या लाल समुद्रावर काही ठिकाणी प्रवाळावरून जेट्टी जाते, पण टोकाला बहुतेक शिडीच असते, तेव्हा आधी विचारा. आपल्याकडे अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, नेमो रीफ किनाऱ्यावरून करता येतं आणि नवशिक्यांना तिथेच नेतात. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात तिथूनच केली असती, फक्त भरती सांभाळून. मालवण-तारकर्लीला जवळपास सगळं बोटीवरनंच चालतं.

जागा ठरवायच्या आधी डाइव्ह सेंटरवाल्यांना ओहोटीच्या वेळचा किनाऱ्याचा व्हिडिओ मागा आणि एक मुद्दाम विचारा, आमच्यासोबत पाण्यात दोन माणसं देणार का. अमेरिकेत 1981 साली हँडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन निघाली, त्यांच्या पद्धतीत ज्याला मदत जास्त लागते त्याच्यासोबत एकाऐवजी दोन बडी, म्हणजे पाण्यातले जोडीदार, असतात. दुसरा माणूस मागणं म्हणजे लाड नाहीत, ती सुरक्षेची गरज आहे, तेव्हा संकोच करू नका. आणि गुडघ्यांसोबत बीपी-हृदयाचीही तपासणी करून घ्या, या वयात ती लागतेच.

एक गोष्ट खास आपल्या घाटावरच्या लोकांसाठी. डाइव्हनंतर विमान टाळायचं हे कोर्समध्ये शिकवतात, कारण उंचीवर हवेचा दाब कमी झाला की अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, एका डाइव्हनंतर निदान 12 तास, जास्त डाइव्ह केल्या तर 18, पण गाडीने घाट चढलात तरी हवेचा दाब कमी होतो हे सहसा कुणी सांगत नाही. आंबोलीच 690 मीटरच्या आसपास आहे. कोकणात कधी डाइव्ह केलीत तर त्याच संध्याकाळी सोलापूरची गाडी काढू नका, रात्र खाली कोकणातच काढा आणि दुसऱ्या दिवशी निवांत घाट चढा.